मोठ्या बुंध्यात चेनसॉ दमतो तेव्हा: नवख्यांसाठी मार्गदर्शक

आठ इंचाच्या फांद्या झरझर कापणारं मशीन तीन फुटांच्या आंब्याच्या बुंध्यात शिरलं की आवाज बसतो, पट्टीतून, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पात्यातून, धूर निघतो, ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडायला लागतो आणि शेवटी पट्टी अडकते. नवख्याला वाटतं, मशीन लहान पडलं. मग तो मोठी पट्टी विकत आणून त्याच इंजिनाला लावतो आणि त्रास दुप्पट होतो. प्रत्यक्षात इंजिन कमी पडण्याआधी चेनचे दात, रेकरची (दातापुढच्या बोथट उंचवट्याची) उंची, तेल आणि खोडात एका वेळी किती पट्टी बुडवली आहे, या चार गोष्टी बिघडलेल्या असतात. म्हणून या लेखात त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून कोकणातल्या वाडीतला जुना आंबा घेऊ. बुंध्याचा व्यास तीन फूट, हातात ६० सीसीचं पेट्रोल मशीन आणि २० इंचाची पट्टी. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ येऊन गेल्यावर रायगड-रत्नागिरीत अशी झाडं घरांवर नि रस्त्यांवर आडवी झाली होती, आणि ज्यांनी कधी मशीन धरलं नव्हतं त्यांनाही ते धरावं लागलं.

आधी कागद

महाराष्ट्रात शहरी हद्दीत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ग्रामीण भागात १९६४ चा झाडतोड नियमन कायदा आहे. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, खैर, ऐन ही झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी त्या कायद्याच्या यादीत येतात, म्हणजे तोडायला परवानगी लागते. कापलेल्या लाकडाच्या वाहतुकीचा परवाना हा वेगळा विषय आहे, त्याची चौकशी वनखात्याकडे आधीच करा. झाड तारांजवळ असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्या आणि ती बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय मशीन चालू करू नका. ‘तार लांब आहे’ हा अंदाज फांदी पडताना चुकतो.

खोड, पट्टी आणि सीसी

जिथे काप घ्यायचा तिथे दोरीने घेर मोजा आणि ३.१४ ने भागा. साडेनऊ फूट घेर म्हणजे तीन फूट व्यास. माप छातीच्या उंचीवर घेतलं तर फसाल, कारण आंबा, चिंच, वड यांचा बुंधा खाली पसरलेला असतो.

तीन फुटांच्या खोडाला तीन फुटांची पट्टी लागत नाही. दोन्ही बाजूंनी कापलं तर पट्टीच्या जवळजवळ दुप्पट व्यासाचं खोड कापता येतं, म्हणजे आपल्या आंब्याला २० इंची पुरते. पट्टी निवडताना इंजिनाकडे बघा. ५० सीसीला १६ ते १८ इंच, ६० सीसीला १८ ते २०, ७० सीसीला २० ते २५, आणि ३० इंचाच्या पुढची पट्टी हवी असेल तर ९० सीसीच्या आसपासचं मशीन लागतं. बाजारात ५८ सीसीची स्वस्त मशिनं २२ इंची पट्टी लावून विकतात. दुकानात ती पट्टी भारदस्त दिसते, पण टणक लाकडात पूर्ण बुडाली की त्या इंजिनाला ती ओढवत नाही. त्याच मशीनला १८ इंची पट्टी लावली तर काम आधी संपतं.

पट्टी बदलताना तीन मापं जुळवावी लागतात. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटमधल्या अंतराचा निम्मा. लहान-मध्यम मशीनला ०.३२५ इंच, मोठ्याला ३/८ इंच. गेज म्हणजे पट्टीच्या खोबणीत फिरणाऱ्या कडीची जाडी: १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. तिसरं माप म्हणजे त्या कड्यांची संख्या. ही मापं पट्टीच्या बुडाशी कोरलेली असतात. तिथला फोटो काढून दुकानात न्या, ‘वीस इंची द्या’ एवढ्यावर भागत नाही. गेज चुकलं तर जाड चेन खोबणीत बसतच नाही, आणि पातळ चेन खोबणीत डोलते नि काप वाकडा जातो.

बॅटरीवरची मशिनं फांद्यांना छान आहेत. तीन फुटांच्या बुंध्याला ती नकोत.

चेन: सगळं काम इथेच होतं

चेनच्या प्रत्येक कापणाऱ्या कडीला दोन भाग असतात. मागे धारदार दात आणि पुढे बोथट उंचवटा, म्हणजे रेकर. दात लाकूड कापतो, आणि किती जाडीची ढलपी काढायची ते रेकर ठरवतो. रेकर दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. कानस मारून मारून दात झिजतो तसा मागे सरकतो आणि त्याची उंचीही घटते. रेकर मात्र तेवढाच राहतो. मग दात कितीही धारदार असला तरी लाकडापर्यंत पोचत नाही. ‘धार लावली तरी कापत नाही’ या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी हेच निघतं.

धार लावायची पद्धत अशी:

१. पट्टी व्हाइसमध्ये किंवा ओंडक्याला चीर पाडून तिच्यात घट्ट धरा. चेन थोडी ताणा, म्हणजे दात डुगडुगणार नाहीत.

२. गोल कानस मापाचीच घ्या. ०.३२५ पिचला ४.८ मिमी, ३/८ ला ५.५ किंवा ५.२ मिमी, आणि लहान मशीनवरच्या बुटक्या ३/८ ला ४ मिमी. जाड कानशीने दाताचा आकडा उघडा पडतो आणि धार बोथट येते. पातळ कानस दाताच्या पोटात खोल जाते, त्यामुळे धार तीक्ष्ण दिसते पण दहा मिनिटांत जाते.

३. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या माथ्यावर दिसला पाहिजे. कोन ३० अंश. चिंच, बाभूळ, खैर अशा टणक लाकडाला २५ अंश ठेवला तर धार जास्त टिकते.

४. कानस दाताच्या आतून बाहेर, फक्त पुढे ढकलताना घासायची. परत येताना उचलून आणा. मागेपुढे घासली तर कानशीचेच दात मरतात.

५. सगळ्यांत झिजलेला दात शोधा आणि बाकीचे त्याच्या लांबीला आणा. प्रत्येकाला सारखे दोन-तीन हात मारा. एका बाजूचे दात झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा एका बाजूला जोर जास्त लागतो, म्हणून तीन-चार धारींनंतर दोन्ही बाजूंच्या दातांची लांबी कॅलिपरने ताडून बघा.

६. दर तीन-चार धारींनी रेकरवर रेकर-गेज, म्हणजे उंची तपासायचा साचा, ठेवा. गेजच्या वर आलेला भाग चपट्या कानशीने उतरवा आणि पुढची कड किंचित गोल करा. अंदाजाने रेकर उतरवू नका. तो जास्त खाली गेला तर दात मोठा घास घेतो, मशीन हिसके देतं, इंजिन गुदमरतं आणि टोक उलट उसळण्याचा धोका वाढतो.

धार कधी लावायची हे घड्याळाला न विचारता भुशाला विचारा. चांगली चेन जाड, चौकोनी ढलप्या टाकते आणि स्वतःच्या वजनाने लाकडात उतरते. भुसा पिठासारखा झाला किंवा मशीन दाबावं लागलं तर तिथेच थांबा. बोथट चेन दाबून चालवली की घर्षणाने पट्टीचं टोक निळं पडतं, क्लच घसरतो, आणि जी धार पाच मिनिटांत आली असती तिच्यासाठी दातांची अर्धी लांबी घालवावी लागते. मोठ्या बुंध्याच्या कामाला दोन धार लावलेल्या जास्तीच्या चेन सोबत ठेवा. काम उघड्या रानात असेल तर तिथे बसून कानस मारण्यापेक्षा चेन बदलणं सोपं जातं. दाताचा माथा ४ मिलिमीटरवर आला की चेन टाकून द्या. बऱ्याच दातांवर तशी तिरकी खूण कोरलेली असते.

चेनचा ताण थंड असताना तपासा. ती पट्टीच्या खालच्या कडेला चिकटलेली हवी आणि हातमोजा घालून हाताने सहज सरकली पाहिजे. गरम झाली की ती लांबते आणि खाली लोंबते, तेव्हा थांबून ताण द्या. पण काम संपल्यावर तो ताण लगेच सैल करा. तापलेली ताणलेली चेन थंड होताना आखडते आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर ओढ देते. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात दोन-तीनदा सैल होते, तो दोष नाही.

पट्टी, स्प्रॉकेट आणि चेनचं तेल

प्रत्येक धारीच्या वेळी पट्टी उलटी करा, नाहीतर तिची एकच कड झिजते. खोबणीतला काळा चिखल हॅकसॉच्या जुन्या पात्याने काढा आणि तेल येणारं भोक तारेने मोकळं करा. पट्टी सपाट टेबलावर कडेवर उभी ठेवून पाहा. ती एका बाजूला कलंडली तर कडा असमान झिजल्या आहेत, आणि अशी पट्टी नव्या चेननेही वाकडाच काप देते. मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, अर्धा मिलिमीटर खोल चरे पडले तर तो बदला. साधारण दोन चेनमागे एक स्प्रॉकेट, हा हिशोब धरून चाला. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन घातली तर तिच्या कड्या लवकर ताणल्या जातात.

चेनला चेनचंच तेल घाला, कारण ते चिकट असतं आणि वळणावर उडून जात नाही. ते नसेल तर नवं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल चालतं. गाडीतून काढलेलं जळकं तेल मात्र घालू नका. त्यात धातूची पूड असते, ती पंप आणि खोबणी दोन्ही खाते. तपासणी सोपी आहे: पट्टीचं टोक पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून रेस करा, पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलची टाकी रिकामी होते तेव्हा तेलाची टाकीही जवळजवळ रिकामी झालेली असते, मशीनची रचनाच तशी असते. पेट्रोल संपलं आणि तेल अर्धं उरलं, तर ते पट्टीपर्यंत पोचत नाही असं समजा. पट्टी लांब आणि लाकूड सुकं असेल तर तेलाचा स्क्रू उघडा.

पेट्रोल आणि २टी तेल

या इंजिनात वेगळं इंजिन ऑइल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेलच पिस्टनला वंगण देतं. माहितीपुस्तिकेत ५०:१ असेल तर लिटरला २० मिलि, २५:१ असेल तर ४० मिलि. औषधाची सिरिंज वापरा, बाटलीचं झाकण हे माप नाही. तेल हवा-थंड दोन-स्ट्रोक इंजिनाचं हवं, डब्यावर जेएएसओ एफडी लिहिलेलं पाहा. किनारपट्टीला बोटीच्या आउटबोर्डचं टीसी-डब्ल्यू३ तेल सहज मिळतं आणि लोक तेच ओततात. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं आहे, चेनसॉच्या तापमानाला ते पुरत नाही.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं. डबा पावसाळ्यात महिनाभर पडून राहिला तर पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो आणि तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. मशीन तो तळाचा थर ओढतं तेव्हा पिस्टनला वंगणच मिळत नाही. म्हणून आठवड्याच्या कामापुरतंच मिश्रण करा आणि भरण्याआधी डबा हलवा. इथेनॉलमुळे जुन्या मशीनचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरचे पडदे कडक होतात, शिवाय इंजिनात जाणाऱ्या हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. याला मिस्त्री ‘लीन चालणं’ म्हणतात. लीन चाललेलं मशीन हलकं, चपळ वाटतं. लांब कापात तेच पिस्टन सीज करतं, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम करतं. हे कानाने ओळखता येतं. हवेत पूर्ण रेस दिल्यावर आवाज किंचित भडभडता असावा आणि लाकडाला लागताच स्वच्छ व्हावा. हवेतच शिट्टीसारखा चिरका आवाज येत असेल तर कार्बोरेटरचा ‘एच’ स्क्रू (पूर्ण रेसचं इंधन ठरवणारा) थोडा सोडवून घ्या. टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजणारं यंत्र) असलेला मिस्त्री मिळाला तर त्याच्याकडूनच करून घेतलेलं बरं. स्वतः सेटिंग जुळवणाऱ्या मशीनला हा स्क्रू नसतो.

एअर फिल्टर दर टाकीला झटका. सिलिंडरच्या पात्यांत भुसा आणि चीक मिळून जो लगदा बसतो तो लाकडी काडीने काढा. मोठ्या बुंध्यात इंजिन सतत पूर्ण भारावर चालतं, तिथे एवढ्यानेही ते तापून बसतं.

अंगावर काय हवं

चेन सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते. लुंगी आणि स्लिपर घालून मशीन चालवणारे गावोगाव दिसतात, त्यांची नक्कल करू नका. जाळीचा पडदा आणि कानपट्टे असलेलं हेल्मेट, पोलादी टोकाचे बूट, हातमोजे आणि चेनसॉसाठीची संरक्षक पँट किंवा चॅप्स (पँटवरून पायांना बांधायचं संरक्षक आवरण). चॅप्समधले लांब धागे बाहेर येऊन स्प्रॉकेटमध्ये गुंततात आणि चेन थांबते. त्यांचे वर्ग चेनच्या वेगावरून ठरतात: वर्ग १ सेकंदाला २० मीटरपर्यंत, वर्ग २ ला २४, वर्ग ३ ला २८. मोठ्या मशीनला वर्ग १ अपुरा पडू शकतो. आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, कानपट्टे ऐच्छिक नाहीत. सुरू करण्याआधी चेन ब्रेक तपासा: अर्ध्या रेसवर पुढची दांडी मनगटाने ढकला, चेन तत्क्षणी थांबली पाहिजे.

मोठ्या खोडात पट्टी कशी चालवायची

०.३२५ पिचच्या चेनवर कापणारा दात दर ३३ मिलिमीटरला येतो. २० इंच पट्टी पूर्ण बुडली की एकाच वेळी पंधरा दात लाकडात असतात. सहा इंच बुडली तर चार-पाच. इंजिनावरचा भार तिप्पट होतो, शिवाय प्रत्येक ढलपी वीस इंच वाहून बाहेर टाकावी लागते. दातांमधली जागा भरली की पुढचा दात लाकडाला लागतच नाही. मोठ्या बुंध्यात मशीन दमतं ते या कारणाने.

त्यामुळे लांब काप एका सपाट रेषेत दाबत नेऊ नका. आधी टोकाच्या बाजूने थोडं उतरा, मग मशीनचे पुढचे लोखंडी काटे सालीत रोवून बुडाच्या बाजूने. असा झोका देत गेलात की एका वेळी थोडेच दात लाकडात राहतात. खोडाभोवती फिरत परिघाकडून आत येत गेलात तर ढलप्यांना बाहेर पडायला जवळची वाट मिळते. लाकडाला टेकण्याआधी पूर्ण रेस द्या, अर्ध्या रेसने कापलं तर क्लच जळतो. आवाज खाली बसायला लागला की हात हलका करा. काटे रोवून हँडल वर उचलण्याचा जोर नवख्याला फार आवडतो, पण धार चांगली असेल तर त्याची गरज पडत नाही. लांब काप संपल्यावर मशीन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट मंद चालू द्या, म्हणजे पंख्याने सिलिंडर थंड होतो आणि पुन्हा सुरू करताना दोरी ओढून खांदा दुखत नाही.

२४ इंचाच्या पुढे पट्टी असेल तर स्किप चेन मागा. तिच्यात दात कमी आणि ढलप्यांना जागा जास्त असते. लहान पट्टीवर तिचा उपयोग नाही.

पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला लागू देऊ नका. तिथे दात अडला की पूर्ण पट्टी वर, तोंडाच्या दिशेने उसळते, आणि ती इतक्या झटक्यात येते की डोळा मिटायलाही वेळ मिळत नाही. पुढच्या हँडलखालून डावा अंगठा पूर्ण वळवलेला असावा, आणि तुमची मान पट्टीच्या रेषेत नसावी. खांद्याच्या वर किंवा शिडीवर उभं राहून काप घेऊ नका.

उभं झाड

तीन फुटांचा आंबा घराशेजारी असेल तर तो एकसंध पाडायचा नाही. वर चढून तुकड्यांनी उतरवणारे लोक वेगळे असतात, ते काम त्यांना द्या. मोकळ्या जागेतलं झाड असेल तर पुढचा क्रम.

कुऱ्हाडीच्या पाठीने बुंधा ठोकत फिरा. पोकळ आवाज आला, बुंध्याशी भूछत्रं दिसली किंवा सालीतून मातकट पूड गळत असेल तर आतून कूज आहे. अशा खोडात बिजागरी (पुढच्या-मागच्या कापांमध्ये मुद्दाम सोडलेलं लाकूड) टिकत नाही, ते जाणकाराला दाखवा. गुलमोहर आणि जुना आंबा इथे फार फसवतात. मग बुंध्याची माती झाडा, खिळे शोधा, झुडपं साफ करा. पडण्याच्या दिशेच्या उलट, दोन्ही बाजूंना तिरक्या, ४५ अंशांत दोन वाटा मोकळ्या करा. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरा माणूस नको.

पडण्याच्या बाजूला खाच घ्या. खोली व्यासाच्या चौथ्या भागाएवढी, म्हणजे आपल्याकडे नऊ इंच. वरचा काप साधारण ६० ते ७० अंशांत तिरका, खालचा आडवा, आणि दोन्ही एकाच रेषेत मिळाले पाहिजेत. एक काप दुसऱ्याच्या पुढे गेला तर बिजागरी तिथे आधीच कापली गेलेली असते. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा एक-दोन इंच वर. तो खाचेपर्यंत न्यायचा नाही. मध्ये व्यासाच्या दहाव्या भागाएवढं, म्हणजे साडेतीन इंच लाकूड सोडायचं. हीच बिजागरी झाड पडताना त्याला दिशेवर धरून ठेवते. ती पूर्ण कापली की झाड कुठल्याही दिशेला जाऊ शकतं.

पट्टी २० इंचाची आहे, म्हणून मागचा काप एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूने त्याच पातळीत जोडा. पातळी चुकू नये म्हणून आधी खोडाभोवती खडूची रेघ मारा. काप सहा-सात इंच आत गेला की लगेच पाचर ठोका, आणि पुढे जाल तशी दुसरी. पाचर प्लास्टिकची किंवा टणक लाकडाची असावी. लोखंडी पाचरेला चेन लागली तर एका सेकंदात सगळे दात जातात. पाचर उशिरा ठोकली तर झाड मागे बसतं आणि पट्टी चिमटली जाते. अशी अडकलेली पट्टी मशीन चालू ठेवून ओढू नका. मशीन बंद करा, पाचरीने फट उघडा, आणि नाहीच निघाली तर मशीन पट्टीपासून सोडवून बाजूला घ्या.

झाडाचा कल पडण्याच्याच दिशेला जास्त असेल तर काम सोपं वाटतं, पण नवख्याने तेच सोडावं. अर्धा काप होताच खोड उभं चिरतं आणि मागचा फाळका उसळून कापणाऱ्याच्या छातीवर येतो. निलगिरी, सिल्व्हर ओक अशा सरळ रेषेच्या लाकडात हे पटकन होतं. त्यासाठी टोक खुपसून आतून कापायची आणि मागे पट्टा राखायची पद्धत आहे, पण ती कागदावरून शिकू नये.

झाड कलायला लागलं की मशीन सोडून ठरवलेल्या वाटेने बाजूला व्हा. बघत उभे राहू नका.

वादळात पडलेलं झाड

हे उभ्या झाडापेक्षा सुरक्षित वाटतं, आणि नसतं. मुळांसकट उपटलेल्या झाडाचा मातीचा गड्डा खोडाच्या वजनाने तिरका उभा असतो. खोड कापून वेगळं झालं की गड्डा धाडकन खड्ड्यात परत बसतो, किंवा कधी पुढे कोसळतो. त्या खड्ड्यात नि गड्ड्यामागे कोणी नाही, हे आधी बघा. शक्य असेल तर गड्डा जेसीबीने किंवा दोराने धरून ठेवा.

प्रत्येक ओंडका कापण्याआधी तो कुठे टेकला आहे ते पाहा. दोन टोकांवर टेकलेला असेल तर वरचे तंतू दाबात आणि खालचे ताणात असतात. वरून तिसरा भाग कापा, मग खालून वर या. एक टोक अधांतरी असेल तर उलट: आधी खालून तिसरा भाग, मग वरून. आधी दाबाची बाजू, मग ताणाची, हा क्रम चुकला की पट्टी अडकते. जमिनीवर सपाट पडलेल्या बुंध्याला तीन चतुर्थांश कापून तो फिरवा आणि उरलेला भाग वरून कापा. चेन मातीला लागू देऊ नका. कोकणात सालीवर जांभ्या दगडाची रेती उडून चिकटलेली असते, काप घेण्याची जागा कुऱ्हाडीने सोलून घ्या. तीन फूट व्यासाचा, एक मीटर लांबीचा ओला ओंडका सहाशे किलोच्या आगेमागे भरतो. उतारावर नेहमी वरच्या बाजूला उभे राहा.

लाकडाप्रमाणे काय बदलतं

आंबा मध्यम, सरळ कापला जातो. चिंच आणि बाभूळ टणक, धार निम्म्या वेळात जाते. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणून ते मऊ वाटलं तरी दात झिजवतं. फणस, वड, पिंपळ यांचा चीक चेनवर गोंदासारखा बसतो. मधल्या वेळी चेन केरोसीनमध्ये ब्रशने धुऊन, तेलात बुडवून पुन्हा लावा. नारळाच्या खोडाची बाहेरची बाजू कठीण आणि आतला भाग मऊ असतो. त्याचे तंतू स्प्रॉकेटभोवती गुंडाळतात, दर थोड्या वेळाने कव्हर काढून पाहा. रस्त्याकडेच्या झाडात फलकांचे खिळे आणि गिळलेल्या तारा असतात. बुंध्यावर निळसर काळा डाग दिसला तर तिथे लोखंड असू शकतं, त्या जागेच्या वरून किंवा खालून काप घ्या.

बिघाड ओळखताना

काप एका बाजूला वळतो: त्या बाजूचे दात लांब आहेत किंवा पट्टीची कड बसली आहे. आधी दात मोजा. भुसा बारीक आणि धूर: धार. धार आहे पण मशीन उतरत नाही: रेकर. हिसके देतं: रेकर जास्त उतरवला. हवेत नीट चालतं, लाकडात गुदमरतं: एअर फिल्टर, टाकीतला पेट्रोल फिल्टर, मग सायलेन्सरच्या तोंडाची कार्बन धरलेली जाळी, या क्रमाने बघा. मंद चालताना चेन फिरत राहते: आयडल जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग ढिली आहे, अशा मशीनने काम करू नका. चेन उतरून परत घातल्यावर सरकत नसेल तर कड्यांना बर (धातूची बाहेर आलेली खरखरीत कड) आला आहे, तो चपट्या कानशीने काढा. प्लगचं टोक विटकरी-तपकिरी असावं. पांढरट असेल तर लीन, काळं ओलसर असेल तर तेल जास्त किंवा फिल्टर बंद. फट ०.५ मिमी.

मशीन ठेवून देताना

महिन्याहून जास्त वापर नसेल तर टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलही संपतं. चेन धुऊन तेलाच्या डब्यात ठेवा, पट्टीच्या खोबणीत तेल सोडा, आणि प्लग काढून आत चमचाभर २टी तेल घालून दोरी दोनदा हळू ओढा. पुढच्या वेळी सुरू करताना पहिल्या मिनिटाला धूर जास्त येईल, तो त्या तेलाचा असतो.